पहिल्या टाळीचा मान

त्या गावच्या सभागृहात चुकीच्या जागी टाळी पडत नसे. गावाला या गोष्टीचा जेवढा अभिमान होता तेवढा संगीताचासुद्धा नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी एक मोठा पाहुणा ऑर्केस्ट्रा आला होता. पहिला खंड संपला आणि सातशे माणसांनी खूश होऊन टाळ्यांचा कडकडाट केला. अजून दोन खंड बाकी होते. कंडक्टर वळला, त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि बालवाडीतल्या पोरांना करतात तसं "श्श" केलं. पुढे एका मोठ्या वर्तमानपत्रात त्यावर चार ओळी छापून आल्या. गावाने त्या चार ओळी इतक्या मनाला लावून घेतल्या की पुढचा अख्खा हंगाम सभागृहात कुणी मोकळेपणाने शिंकलंसुद्धा नाही. मग तोडगा निघाला. गावात व्हायोलिन शिकवणारे एकच मास्तर होते. त्यांना तिसऱ्या रांगेतली, मधल्या वाटेलगतची खुर्ची कायमची देण्यात आली आणि कुठेही न लिहिता नियम ठरला, की मास्तरांचे हात उठेपर्यंत बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे.

तेव्हापासून वाजवणारा कितीही मोठा असो, शेवटचा सूर विरला की चौदाशे डोळे मास्तरांच्या हातांवर. पुढच्या दोन रांगांतले लोक तर मानेला लचक भरेपर्यंत मागे वळून बघत. मास्तर घाई करत नसत. आधी चष्मा काढत, मग डोळे मिटत, मग हात उचलत आणि पहिली टाळी वाजवत. त्या टाळीच्या पाठोपाठ सगळं सभागृह कोसळे. बाहेरगावचे वादक म्हणत, काय जाणकार श्रोते आहेत!

मास्तरांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसत. त्यांना गाव नुसतं बाई म्हणे, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नसे. हे एका अर्थी बरंच होतं, कारण गेली दोन वर्षं ती पहिली टाळी बाईंची होती.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचे कान गेले. आधी उजवा गेला, सहा महिन्यांनी डावा. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दोघं लांबच्या शहरातल्या डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, की यंत्राचाही उपयोग नाही. परतीच्या प्रवासात मास्तर तीन तास खिडकीबाहेर बघत राहिले आणि उतरताना म्हणाले, "कुणाला कळलं तर याद राख." जणू बाईच गावभर दवंडी पिटणार होत्या.

कुणाला कळलं नाही. पाठदुखीचं निमित्त करून मास्तरांनी क्लास बंद केला. चारचौघांत ते आधीपासूनच दुसऱ्याला बोलू देत नसत, त्यामुळे तिथे कुणाला फरक जाणवला नाही. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना पुष्कळसं समजे. सभागृहातली सोय बाईंनी केली. रचना संपली की बाई त्यांचं कोपर दाबत. मग चष्मा, मग डोळे, मग टाळी. मध्येच कुठे काही लक्षात घेण्यासारखं झालं, तर बाई कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने दोन शब्द लिहीत, आणि मध्यंतरात मास्तर ते दोन शब्द वीस करून लोकांना सांगत.

बाई हे सगळं का करत होत्या? प्रेमाने, असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती खुर्ची गेली तर शेजारची खुर्चीही जाणार होती, हे एक कारण. दारापर्यंत पोचवायला येणारा व्यवस्थापक, वाट करून देणारे लोक, "या बाई" म्हणून सरकणाऱ्या बायका, हे सगळं जाणार होतं. आणि उरणार होता तो चार खोल्यांच्या घरात दिवसभर चिडून बसलेला एक बहिरा माणूस. तो बाईंच्या एकटीच्या वाट्याला आला असता. म्हणून त्या कोपर दाबत.

बाईंना सुरांचं काही कळत नाही, हा मास्तरांचा एक्केचाळीस वर्षांचा आवडता विनोद होता. लग्नानंतर आठव्या दिवशी बाई काहीतरी गुणगुणत होत्या तेव्हा तो पहिल्यांदा झाला, आणि पुढे तो पाहुण्यांसाठी राखून ठेवल्यासारखा निघत असे. खरी गोष्ट अशी, की स्वयंपाकघर आणि क्लासची खोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती. जवळजवळ चाळीस वर्षं भांडी घासता घासता बाईंनी गावातल्या पोरांची तीन पिढ्यांची व्हायोलिनं ऐकली होती. कुणाची कुठली तार किती उतरली आहे, हे त्यांना भिंतीपलीकडून कळे. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. सांगून हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता.

एका मुलीने मात्र सांगितलं होतं. तिला सगळे काडी म्हणत, कारण ती तशीच होती, हात-पाय आणि दोन वेण्या. तेरा वर्षांच्या काडीने भर क्लासात म्हटलं, "सर, तुमची दुसरी तार उतरलीय." ती उतरलेली होतीच. मास्तरांनी तिची व्हायोलिनची पेटी दाराबाहेर ठेवली आणि तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, की या मुलीच्या हातात व्हायोलिन म्हणजे व्हायोलिनचा अपमान आहे. वडिलांनी पुढे तिला मोठ्या शहरात आत्याकडे पाठवलं. सोळा वर्षं गेली. आता तिचं चित्र सभागृहाच्या दारावर माणसाएवढं लागलं होतं, आणि रविवारी दुपारी चार वाजता ती एक नवाकोरा कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि साथीला सगळा ऑर्केस्ट्रा अशी रचना, वाजवणार होती. खास तिच्यासाठी लिहिलेला, अजून कुठेही न वाजलेला.

त्या रविवारी सकाळी काडी घरी आली. मास्तर दाढी करायला गेले होते. काडी आता काडी राहिली नव्हती, पण खुर्चीवर बसली ती तशीच, एक पाय दुमडून. बाईंनी चहा ठेवला.

"काकू, एक काम होतं. सरांना तेवढं सांगाल?"

"तूच सांग की. येतीलच."

"नको. मला अजून भीती वाटते त्यांची." ती हसली. "शेवटच्या खंडाच्या शेवटी ऑर्केस्ट्रा थांबतो आणि मी एकटी वाजवते. तो भाग माझाच आहे, मीच बांधलाय. त्यात एका ठिकाणी मी गज खाली घेते. डोळे मिटते. अकरापर्यंत मोजते. आणि मग अगदी बारीक आवाजात शेवटची ओळ. लोकांना वाटेल संपलं. पण इथे सगळे सरांकडे बघतात ना, मला माहीत आहे. त्यांनी हात उचलला नाही तर कुणी उचलणार नाही. म्हणून हे मी पहिल्यांदा इथे वाजवायचं ठरवलं. दुसऱ्या कुठल्या गावात एवढी शांतता मिळणार?"

"अकरा आकडे म्हणजे फार होतात ग," बाई म्हणाल्या.

"फार होतात. पण त्या अकरा आकड्यांसाठीच बाकीची तीस मिनिटं आहेत." काडीने कपात बघितलं. "लहानपणी चुकलं की सर म्हणायचे, थांब. मग मी गज खाली धरून उभी. आणि आत तुमची भांडी वाजत असायची ना, तीही थांबायची. आठवतंय? मला कळायचं की तुम्ही पण उभ्या आहात भिंतीपलीकडे. ती शांतता आहे ती."

बाईंना आठवत होतं. त्यांना वाटायचं की ते फक्त त्यांनाच माहीत आहे. त्यांनी उगाच ओटा पुसला आणि म्हणाल्या, "सांगते मी त्यांना. काळजी करू नकोस."

मास्तर आल्यावर बाईंनी कागदावर लिहून दाखवलं: शेवटी मध्येच थांबते. संपलेलं नसतं. मी दाबेन तेव्हाच. मास्तरांनी वाचलं आणि भुवई उडवली. "नखरे," ते म्हणाले. "दाब म्हणजे झालं. झोपू नकोस तेवढी."

दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. आपल्या गावची मुलगी म्हणून आलेले निम्मे, आणि ती कुठे चुकते ते बघायला आलेले निम्मे. पूर्वार्धात ऑर्केस्ट्राने एकट्याने एक मोठी रचना वाजवली. बाईंनी वेळेवर कोपर दाबलं, मास्तरांनी वेळेवर चष्मा काढला, सगळं रीतसर पार पडलं. कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला बाईंनी लिहिलं होतं: बासरी चढी. दुसऱ्या भागात जास्त.

मध्यंतरात कॉफीच्या टेबलापाशी नेहमीचे लोक मास्तरांभोवती जमले. दातांचे डॉक्टर होते, औषधवाल्याची बायको होती, व्यवस्थापक होता. औषधवाल्याची बायको भली बाई. तिने सहज विचारलं, "बाई, तुम्हाला कसं वाटलं?"

असं कुणी विचारत नसे. कदाचित सकाळचं काडीचं बोलणं अंगात राहिलं असेल. बाई म्हणाल्या, "छान होतं. बासरी जरा चढी लागत होती, तेवढंच."

मास्तरांनी ओठ वाचले. त्यांनी कप बशीत ठेवला आणि मान मागे टाकून हसले.

"ऐकलंत? हिला बासरी चढी वाटली! अहो, आमच्या घरी न्हाणीघरातला नळ गळतो ना, तो गळतोय की शेजारी कुणी बासरी वाजवतंय हे मी हिला रोज उठून सांगतो."

लोक हसले. दातांचे डॉक्टर तर असे हसले की त्यांच्याच सगळ्या दाढा दिसल्या. औषधवाल्याची बायकोही हसली, जरा उशिराने, पण हसली.

"एक्केचाळीस वर्षं संगीताच्या घरात काढली," मास्तर पुढे म्हणाले, "पण दगड नदीत राहतो म्हणून त्याला काही पोहता येत नाही."

पुन्हा हसणं. बाईही हसल्या. हसायचंच असतं. त्यांच्या हातातली कॉफी गार झाली होती, ती त्यांनी तशीच पिऊन टाकली.

मग व्यवस्थापकाने खिशातून वही काढली आणि विचारलं, "मास्तर, तुमचं मत? वर्तमानपत्राला कळवायचं असतं."

मास्तरांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "एकंदर उत्तम," ते म्हणाले. "फक्त बासरी चढी होती. विशेषतः दुसऱ्या भागात. सामान्य कानाला ते कळणार नाही."

व्यवस्थापकाने ते उतरवून घेतलं. डॉक्टरांनी मान डोलावली, "मला वाटलंच होतं काहीतरी." तिथे उभ्या असलेल्या एकाच्याही लक्षात आलं नाही, की हेच वाक्य पाच मिनिटांपूर्वी कुणीतरी बोललं होतं आणि आपण त्याला हसलो होतो. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कुठेच काही नव्हतं. त्यांना त्या क्षणी नवऱ्याचा राग आला त्याहून जास्त या लोकांचा आला, आणि त्या सातशे लोकांना एकदा, एकदाच, सगळ्यांदेखत तोंडघशी पाडावं अशी इच्छा त्यांना झाली.

उत्तरार्ध सुरू झाला. काडी साध्या करड्या कपड्यांत मंचावर आली. लोकांनी आधी तिचे कपडे पाहिले, मग बूट पाहिले, मग ती वाजवायला लागली आणि बघणं थांबलं.

तिने कसं वाजवलं ते काय सांगावं. पहिल्या खंडात दातांचे डॉक्टर पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आले. जलद जागी तिची बोटं दिसेनाशी होत, तेव्हा मागून कुणीतरी चक्क "बाप रे" म्हणालं आणि शेजाऱ्यांनी त्याला दटावलं नाही. दुसऱ्या खंडात औषधवाल्याची बायको रडत होती. रुमाल शोधायला पर्स उघडली तर आवाज होईल म्हणून ती नाक तसंच गळू देत होती. एक सातवीतली मुलगी तोंड उघडं टाकून बसली होती. खोकणारे खोकत नव्हते. मास्तर मात्र गज बघत होते. वर गेला, खाली आला. त्यांच्या चेहऱ्यावर जाणकाराचं हसू होतं, ते त्यांनी घरूनच घालून आणलेलं.

बाई ऐकत होत्या. पेन्सिल हातात होती पण त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

तिसऱ्या खंडाच्या शेवटी ऑर्केस्ट्रा थांबला. कंडक्टरने काठी खाली केली आणि हात पुढे बांधून उभा राहिला. काडी एकटी वाजवू लागली. आधी जोरात, मग हळू, मग आणखी हळू. आणि मग तिने गज खाली घेतला आणि डोळे मिटले.

एक. दोन. सातशे माणसांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी गज खाली गेलेला पाहिला. कंडक्टरची काठी आधीच खाली होती, तिथून काही कळायला मार्ग नव्हता. तीन. चार. बाईंना ती शांतता ओळखू आली. तीच ती, भिंतीच्या दोन्ही बाजूंची. हात ओले, नळ बंद केलेला, पलीकडे एक पोर उभं.

पाच. मास्तरांनी कोपराने बाईंना ढोसलं. जोरात ढोसलं, बरगडीत, झोपलेल्या नोकराला उठवावं तसं. बाईंनी वळून पाहिलं. मास्तरांचे ओठ हलले, आवाज न करता. झोपलीस काय?

आणि बाईंना कॉफीचं टेबल दिसलं. सगळे दात दिसले. आता दाबलं तर हा माणूस भर सभागृहात, सातशे लोकांदेखत, रचना संपायच्या आतच टाळी वाजवेल. मग कळेल सगळ्यांना दगड कोण ते. काडी त्या क्षणी त्यांच्या मनात नव्हती. हे खोटं वाटेल, पण नव्हती. मंचावर ती समोर उभी होती आणि बाईंना ती दिसत नव्हती.

सहा. बाईंनी कोपर दाबलं.

मास्तरांनी चष्मा काढला, डोळे मिटले, हात उचलले आणि नवव्या आकड्याला पहिली टाळी वाजवली. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. असा कडकडाट त्या छपराखाली कधी झाला नव्हता. लोक ओरडत होते, पाय आपटत होते, गॅलरीतून कुणी शिट्टी मारली. तीस मिनिटं दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

काडीने डोळे उघडले. ती वाकली नाही. गज खाली धरून ती तशीच उभी राहिली, तेरा वर्षांची असताना उभी राहायची तशी. तिने कंडक्टरकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले. टाळ्या थांबेनात. शेवटी तिने व्हायोलिन खांद्याला लावलं आणि ती शेवटची ओळ सुरू केली. पुढच्या रांगा गोंधळून खाली बसल्या, मागचे वाजवतच होते, कुणीतरी "श्श" म्हणालं, कुणीतरी हसलं, खुर्च्या करकरल्या. त्या गोंगाटात ती ओळ कुणालाही ऐकू आली नाही. तिचा गज थांबला तेव्हा कुठे सगळीकडे शांत झालं. आता खरंच संपलं होतं, आणि एकही हात उठत नव्हता.

गावाने मास्तरांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. आता.

मास्तरांना ऐकू येत नसलं तरी डोळे शाबूत होते. काय घोटाळा झाला हे त्यांना लोक खाली बसताना बघूनच उमगलं होतं. ते सावकाश उठून उभे राहिले. मंचाकडे बघून, मोठ्या मनाच्या माणसाने हसावं तसं हसले आणि हात उंच करून, सगळ्यांना दिसतील अशा संथ टाळ्या वाजवू लागले. लोकांचा जीव भांड्यात पडला. तेही वाजवू लागले. पण पहिल्या टाळ्या आणि या टाळ्या एक नव्हत्या. पडलेल्या पोराला उचलताना "काही नाही झालं हं" म्हणतात, तशा या होत्या. काडीने मान झुकवली आणि ती आत निघून गेली.

बाहेरच्या दालनात येईपर्यंत गावाने उत्तर शोधून काढलं होतं. शोधलं दातांच्या डॉक्टरांनी.

"विसरली हो पोर! मध्येच गज खाली. पुढचं आठवेना. पाहिलंत ना, डोळे मिटून आठवत होती बिचारी. मास्तरांनी ओळखलं आणि टाळी वाजवून झाकून घेतलं. काय प्रसंगावधान!"

"आणि तिला ते समजलं नाही," दुसरा म्हणाला. "गप वाकून आत जायचं, तर पुन्हा वाजवत बसली."

"दडपण येतं. आपल्या गावात वाजवायचं म्हणजे काय खेळ आहे?"

"एवढं सुंदर वाजवलं आणि शेवटी माती खाल्ली," औषधवाल्याची बायको म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते. रडले होते तेच डोळे, आणि आता त्यांत कीव होती. कीव करताना ती बरीच सुखी दिसत होती.

मास्तर डॉक्टरांचे ओठ वाचत होते. दोन क्षण लागले त्यांना. तिसऱ्या क्षणी त्यांनी तो सगळा मोठेपणा कोटासारखा अंगात चढवला. "असू दे, असू दे," ते हात हलवत म्हणाले. "लहान आहे. होतं असं. एकेकाळची माझी विद्यार्थिनी, तिची लाज नको राखायला?"

"सोळा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात," व्यवस्थापक भारावून म्हणाला, "तेव्हा गावाने तुम्हाला कठोर म्हटलं होतं."

मास्तरांनी नुसते डोळे मिटले.

बाई हे सगळं ऐकत होत्या. काय सांगणार होत्या त्या? ती विसरली नाही, हे सांगायचं तर ती थांबणार होती हे मला माहीत होतं, असं सांगावं लागणार. मग टाळी का पडली? यांना ऐकू येत नाही म्हणून. मग गेली दोन वर्षं कशी पडली? एक धागा ओढला की सगळंच उसवणार होतं, आणि उसवल्यावर शेवटी बाईंचाच हात बाहेर येणार होता. त्या गप्प राहिल्या. त्यांना त्याचा सराव होता.

व्यवस्थापक दोघांना आतल्या खोलीत घेऊन गेला. काडी तारा पुसत होती. मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरायचं नाही. मी होतो ना." मग ते भिंतीवरची जुन्या वादकांची छायाचित्रं बघायला वळले, व्यवस्थापक त्यांच्या मागे गेला.

काडीने बाईंकडे पाहिलं. "काकू, तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"गडबडीत राहिलं ग," बाई म्हणाल्या.

काडीचा हात थांबला. तिने मास्तरांच्या पाठीकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात, स्पष्ट म्हणाली, "सर, तुमची दुसरी तार अजून उतरते का?"

व्यवस्थापक दचकून वळला. मास्तर छायाचित्र बघत राहिले. व्यवस्थापकाला वाटलं, मास्तरांनी तिला उत्तर देण्याच्या लायकीची समजलं नाही, आणि त्याला मास्तरांचा आणखी आदर वाटला.

काडीला मात्र कळलं. कान होते तिला. ती आवाज खाली आणून म्हणाली, "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि टाळी?"

बाई मास्तरांच्या कोपराकडे बघत राहिल्या.

"म्हणजे आजची टाळी तुमची होती," काडी म्हणाली. "नऊला. मी मोजत होते, काकू. तुम्ही पण मोजत होतात ना?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मान्य केलं होतं, की या बाईला ऐकू येतं, कळतं, मोजता येतं. काडीने पेटीचं झाकण लावलं. तिला वाटलं असतं तर त्या खोलीतच ती मास्तरांना उघडं पाडू शकली असती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. जाताना तिने बाईंकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर मास्तर आरशासमोर कॉलरची गुंडी काढत होते. "तूच लिहून दाखवलं होतंस तरी चुकलीस," ते आरशाला म्हणाले. "मी होतो म्हणून निभावलं. तुझ्या कानावर विसंबायचं म्हणजे!"

"मुद्दाम दाबलं मी," बाई त्यांच्या पाठीला म्हणाल्या. "कळलं का? मुद्दाम."

मास्तर दुसरी गुंडी काढत राहिले. टेबलावर कागद होता, पेन्सिल होती. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. सूड घेतला आणि तोही बावळटपणात जमा झाला, याचं त्यांना हसू येत होतं की काय ते त्यांनाच समजेना.

वर्तमानपत्रात पुन्हा चार ओळी आल्या. या वेळी गाव खूश होतं. "ऐन शेवटी विस्मरण झालेल्या तरुण वादिकेला येथील सुजाण श्रोत्यांनी सांभाळून घेतले." बासरीबद्दलही एक ओळ होती.

पाच आठवड्यांनी, एका सकाळी, रेडिओवर तोच कॉन्चेर्टो लागला. काडीने दुसऱ्या शहरात वाजवला होता त्याचं ध्वनिमुद्रण. मास्तरांनी रेडिओ खिडकीत ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून, रस्त्यावरून दिसेल असे मान डोलावत बसले. बाई दारात उभ्या होत्या. पहिला खंड झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या शेवटी ऑर्केस्ट्रा थांबला आणि व्हायोलिन एकटं राहिलं. बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. त्या मोजायला लागल्या.

मोजण्यासारखं काही नव्हतं. थांबायच्या जागी आता एक लांब सूर होता. सफाईदार, गुळगुळीत, कुणाला हात उचलता येणार नाही असा, कुठेही फट न ठेवलेला. तो सूर सरळ शेवटच्या ओळीत गेला आणि रचना संपली, आणि त्या परक्या शहरातल्या लोकांनी लगेच, बरोबर जागी टाळ्या वाजवल्या. खूप टाळ्या. त्यांना काहीच कमी वाटलं नव्हतं. ते अकरा आकडे कधीकाळी तिथे कशासाठी होते हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीने ते मारले होते. बाई दाराच्या चौकटीला धरून रडल्या. तोंडावर फडकं धरायचीही गरज नव्हती.

मास्तर वळले, त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला. "संपलं का?" त्यांनी विचारलं. "मध्ये थांबली का पुन्हा?"

नाही थांबली, असं बाईंनी मान हलवून सांगितलं.

"बघ," मास्तर समाधानाने म्हणाले. "शिकली. एकदा चारचौघांत फजिती झाली की माणूस बरोबर शिकतं." मग ते पुन्हा रस्त्याकडे वळले. समोरून दातांचे डॉक्टर येत होते. "आवाज वाढव जरा. त्यांना ऐकू जाऊ दे."

बाईंनी डोळे पुसले आणि आवाज वाढवला.